दोन डिस्कचा डबा

"सीसीटीव्हीची डिस्क नको, सांगतोय ना मी तुम्हाला," नाथा म्हणाला. "स्वस्त पडते, कबूल. पण ती नुसती लिहायला बरी. दिवसभर गेटवरचा कुत्रा रेकॉर्ड करायचा आणि महिन्याने स्वतःच पुसून टाकायचा, एवढंच काम तिचं. मध्ये एखादी फ्रेम गळली तर तिला काही वाटत नाही. तुम्हाला लग्नं ठेवायचीत काका, चोर नाही पकडायचा."

परशुराम शिगवणांनी दोन्ही प्रकारच्या डिस्क दोन हातांत घेऊन तोलून पाहिल्या. वजनावरून त्यांना काय कळत होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण कोथिंबिरीची जुडीसुद्धा तोलल्याशिवाय पिशवीत न टाकणारा हा माणूस, तो डिस्क तरी कशी न तोलता घेणार! शेवटी त्यांनी सीसीटीव्हीवाली डिस्क काउंटरवर परत ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आणि डिस्क बसवायला हा डबा घ्यायलाच हवा का?" त्यांच्या मुलीने, ऐश्वर्याने विचारलं. "घरी जुना कॉम्प्युटर पडलाय. त्यात नाही का बसवता येणार?"

"येईल की. पण तो गिरणीसारखा घरघरत राहील आणि वीज खाईल ती वेगळीच. हा बघ, केवढासा. टीव्हीखाली ठेव, वायफायला जोड. टीव्हीवर नावं दिसतील, रिमोटने लग्न निवडायचं आणि बघत बसायचं. बरोबर एक छोटा यूपीएस घ्या मात्र. लिहितालिहिता लाइट गेली की ह्यांचं डोकं फिरतं."

डोंबिवली पश्चिमेला नाथाचं हे दुकान. एके काळी तो व्हीसीआर दुरुस्त करायचा. मग सीडी प्लेअर, मग मोबाइल, आता कॅमेरे आणि कॉम्प्युटर. काळाप्रमाणे नाथा पाटी बदलत आला. शिगवणांनी पाटी कधी बदलली नाही. कोपर रोडवरची त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा 'कला व्हिडिओ' ही पाटी भिंतीबरोबरच उतरली.

"आता मेन मुद्दा," नाथाने डब्याचं झाकण उघडून दोन रिकामे कप्पे दाखवले. "मिरर लावायचं की सुट्या ठेवायच्या? मिरर लावलं तर दोन्ही डिस्कवर तेच ते. एक मेली तरी दुसरी आहे, माणूस शांत झोपतो. पण जागा मिळणार एकीचीच. सुट्या ठेवल्या तर जागा दोघींची. पण एक मेली की तिच्यावरचं सगळं गेलं. काका, तुमचा माल किती?"

"दोन्ही भरतील एवढा."

"मग मिररमध्ये अर्धाच बसेल."

"मोठ्या डिस्क घे ना मग."

"यंदा मोठ्या डिस्क बघायला मिळत नाहीत. आल्याच, तर भाव ऐकून तुम्ही मला शिव्या घालाल. आणि दाबून बारीक करू म्हणाल तर मुळात ते व्हीएचएस. अजून दाबलं तर नवरा कोण नि भटजी कोण ते कळायचं नाही." नाथाने झाकण लावलं. "आणि एक ऐका. ह्या डब्यात एकदा ठरवलं की ठरवलं. मागाहून बदलायचं तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. घरी न्या, बोला आपसात, मग फोन करा. मी इथनं लावून देतो."

शिगवणांनी डबा मांडीवर घेतला आणि घोडबंदर रोडला लेकीच्या घरापर्यंतचा सगळा रस्ता, ट्रॅफिकमध्ये उभं राहण्याच्या वेळेसकट, तो तसाच धरून बसले.

लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात एक रीत होती. पार्टीने कॅसेट नेली की मूळ टेप, म्हणजे मास्टर, पुसायची आणि पुढच्या लग्नाला वापरायची. सगळे तसंच करत. शिगवण पुसत नसत. पार्टीला कॉपी, मास्टर आपल्याकडे, हा त्यांचा नियम आणि हाच त्यांचा गर्व. "उद्या कोणाचा बाप जातो, कोणाची आजी. मग माणसं येतात शोधत," ते म्हणायचे. आणि माणसं यायची खरंच. घरच्या कॅसेटला बुरशी लागलेली असायची, नाहीतर तिच्यावर कोणीतरी क्रिकेटची मॅच उतरवलेली असायची. कोपरपासून टिटवाळ्यापर्यंत लोक एकमेकांना सांगायचे, शिगवणांकडे मिळेल.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको कलावती गेली. त्याच सुमारास दुकान रिकामं करायची नोटीस आली. एवढ्या टेपा न्यायच्या कुठे? शिगवणांनी जुना व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक टेप उतरवायला घेतली. ह्या कामात घाई चालत नाही. तीन तासांचं लग्न उतरायला तीन तासच लागतात. टेप लावायची, आवाज बंद करायचा, कारण तीन तास सनई कोण ऐकणार, आणि आपण बाजूला वरणभाताचा कुकर लावायचा. बायको गेल्यानंतरचे दिवस त्यांनी असे काढले. उतरवून झालेल्या टेपा भंगारात गेल्या. उरल्या त्या पाच-सहा जुन्या हार्ड डिस्क, बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या.

गेल्या महिन्यात त्यातली एक टक्‌टक्‌ करायला लागली आणि दुपारपर्यंत मुकी झाली. एका अख्ख्या वर्षाची लग्नं तिच्याबरोबर गेली. शिगवण त्या दिवशी जेवले नाहीत.

"आता बास," ऐश्वर्या तेव्हा म्हणाली होती. "नीट सर्व्हर घेऊ, माझ्याकडे ठेवू. तुम्हीही आता इथेच राहताय." ऐश्वर्या घोडबंदर रोडला एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. तिच्या बोलण्यात बापाबद्दलची काळजी होती, पण तिचा स्वतःचाही एक स्वार्थ होता. तिला आई हवी होती.

शिगवणांनी घरच्यांसाठी म्हणून नवी टेप कधी विकत आणली नाही. लग्न संपलं की टेपेच्या शेवटी थोडी जागा उरायची. तिला ते शेपूट म्हणत. ऐश्वर्याचा वाढदिवस, तिची पहिली सायकल, गावच्या घरची गौर, सगळं कोणाच्या ना कोणाच्या लग्नाच्या शेपटावर. पाठवणीची गाडी निघून जायची, पडदा जरा निळा व्हायचा आणि लगेच शिगवणांच्या घरच्या गॅलरीतला झोका दिसायचा. कुठलं शेपूट कुठल्या लग्नाला, हे त्यांच्या डोक्यात होतं असं ते म्हणायचे. ते तितकंसं खरं नव्हतं.

डबा टीव्हीखाली तसाच रिकामा ठेवून त्या शनिवारी घरात बोलणी झाली.

"बाबा, एक विचारू?" जावई ऋतुराज म्हणाला. तो मवाळ माणूस होता आणि सासऱ्याशी बोलताना त्याचा आवाज आणखी मवाळ व्हायचा. "एवढी लग्नं बघणार कोण? त्यातल्या निम्म्यांचे नंबरसुद्धा बदलले असतील."

"म्हणूनच माझं ऐका," ऐश्वर्या म्हणाली. "आपली शेपटं तेवढी वेगळी काढू. आई जिथे जिथे आहे ते सगळं दोनदा ठेवू, मिरर लावून. मग उरलेल्या जागेत लोकांची बसतील तेवढी लग्नं. तीही जरा छाटून. हललेलं, काळं पडलेलं, जेवणाच्या पंगती..."

"पंगतीच छाटणार तू? अगं, पंगतीतच तर माणसं दिसतात. स्टेजवर नुसते सगळे उभे असतात."

"मग काय छाटू ते तुम्ही सांगा."

"काहीच नको. मी लोकांना शब्द दिलाय, मास्टर माझ्याकडे आहे म्हणून."

"आणि परत एक डिस्क गेली तर? त्यात आई असली तर?" ऐश्वर्याचा आवाज चढला. "लोकांना शब्द दिलाय आणि मला काय दिलंय?"

सगळं ठेवावं तर एका टक्‌टकीत अर्धं जाणार. आणि जपून ठेवावं तर अर्धं स्वतःच्या हाताने पुसायचं. शिगवण उठून गॅलरीत गेले आणि खालच्या रस्त्यावर अडकलेल्या बसकडे बघत उभे राहिले. शेवटी आत येऊन म्हणाले, "आधी शेपटं शोधू. तुझी आई किती निघते बघू."

दर शनिवार-रविवारी बापलेक जुन्या डिस्क लावून बसू लागले. आईसाठी म्हणून सुरू झालेल्या ह्या कामात ऐश्वर्याला स्वतःचं बालपण मात्र भरभरून मिळत गेलं. दात पडलेली ऐश्वर्या, रुसलेली ऐश्वर्या, झोक्यावरून पडून ओठ फोडून घेतलेली ऐश्वर्या. शेजारच्या अण्णांची चाळीतली सत्यनारायणाची पूजा, गावचा बैल, नवा फ्रिज. आई कुठेच नव्हती. कधी कडेने एखादा साडीचा काठ जायचा. कधी नुसता हात दिसायचा, मनगटावर भाजल्याचा डाग असलेला, बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करणारा. तिसऱ्या आठवड्यात एकदा कलावतीचा अर्धा चेहरा आला. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, "मला कशाला घेताव, मेलं काम पडलंय," एवढं म्हटलं आणि ती फ्रेमबाहेर गेली.

ऐश्वर्याने ते चार वेळा लावलं. मग रिमोट खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही जगाची शूटिंगं केलीत. एकदा तरी कॅमेरा आईकडे फिरवायचात ना!"

"फिरवला असता," शिगवण म्हणाले, "पण मग लाइट कोणी धरली असती?"

ते काही टोमण्याने बोलले नव्हते. खरं तेच सांगत होते. पहिल्या वर्षी ऐन हंगामात लाइट धरणारा पोरगा पळून गेला, तेव्हा कलावती पदर खोचून उभी राहिली ती पुढे कायमचीच. हॅलोजनचा तो दिवा डोक्याच्या वर धरायचा, हँडलला चिंधी गुंडाळून, कारण तो पाच मिनिटांत तापायचा. कॅमेरा जाईल तिकडे मागोमाग जायचं, वायर कोणाच्या पायात येऊ द्यायची नाही, जेवायला शेवटच्या पंगतीत बसायचं. मनगटावरचा डाग त्यातलाच. उजवा खांदा शेवटपर्यंत दुखत होता. घरातसुद्धा ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र करडं यायचं, म्हणून वाढदिवसालाही दिवा तिच्याच हातात. बारशापासून बोहल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडावर उजेड पाडणारी ती बाई स्वतः कायम दिव्याच्या मागे राहिली, आणि दिव्याच्या मागचं कुठलाच कॅमेरा घेत नाही.

हे सगळं शिगवणांना त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. इतकी वर्षं ती बाजूला उभी होती म्हणून दिसली नाही, आणि आता शोधायला बसलो तर चित्रातही नाही. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाण्याचा ग्लास विसळला.

त्यानंतर दोन शनिवार कोणी डिस्क लावल्या नाहीत. डबा टीव्हीखाली बसून होता. नाथाचा फोन आला, "काका, मुहूर्त बघताय का?" तेव्हा शिगवणांनी काहीतरी पुटपुटून ठेवून दिला.

मग खडवलीहून कुंदा भोईरचा फोन आला. पंचवीसेक वर्षांपूर्वी शिगवणांनी तिचं लग्न शूट केलं होतं. आता तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मुलीला आजोबा बघायचे होते, जे तिने कधी पाहिलेच नव्हते. कॅसेट केव्हाच खराब झाली होती. कोणीतरी सांगितलं, शिगवणांकडे मिळेल. शिगवणांनी पत्ता सांगितला आणि त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला.

रविवारी दुपारी कुंदा आली. पन्नाशीकडे झुकलेली, अंगाने आडवी, ट्रेन आणि मग घोडबंदरच्या बसने पार दमलेली. येताना वालाच्या शेंगांनी भरलेली पिशवी घेऊन आली होती. ऐश्वर्याने पाणी दिलं. लिफ्टने अकराव्या मजल्यावर येताना आपण डोळे कसे मिटून घेतले ते कुंदाने आधी सांगून घेतलं आणि मग सोफ्याच्या कडेवर टेकली.

शिगवणांनी टीव्हीवर तिचं लग्न लावलं. आजोबा आले, फेटा सावरत, कोणावर तरी ओरडत. कुंदा हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "आसंच वराडायचा माझा बाबा," ती म्हणाली. "लगीन कोनाचंबी असूं दे." हळद झाली, अक्षता झाल्या, पंगती झाल्या. मांडवाबाहेर फुलं लावलेली जीप उभी राहिली. पाठवणी.

"हा भाग जरा सोडून देऊ," शिगवण रिमोटकडे हात नेत सवयीने म्हणाले. "इथे लाइट हललीय. थोडा वेळ काळंच आहे. आमच्या मिसेसचा खांदा दुखायचा, दिवसभर धरून धरून शेवटी हात खाली यायचा तिचा. पाठवणीला नेहमीच. मी बोलायचो तिला ह्यावरून. तुमच्या कॅसेटमध्ये मी ते कापून काढलेलं."

"हललीय?" कुंदाने त्यांच्याकडे वळून बघितलं. "हलली कुठं? तिनं मुद्दाम खाली केलीली ना."

"मुद्दाम?"

"आता कसा सांगू तुमाला. मी रडत व्हते. नाक गळत व्हतं, काजळ सगला गालावर आलेला. न् सासरची मानसं समोर उभी राहून हसत व्हती. तुमी कॅमेरा घेऊन आगदी तोंडाशी आलेले. तवा त्या ताईनी दिवा खाली केला, न् माझ्याजवळ आली. तिच्या पदरानं माझं नाक पुसलं तिनं. माझ्या आयनी नाय पुसलं, ती तर मांडवातच बसून व्हती रडत. मी तुमच्या कॅसेटमध्ये लय शोधलं ते. त्यात तर नुसता गानाच वाजत व्हता."

पाठवणीवर गाणं चढवायचा तेव्हा रिवाजच होता. मूळ आवाज काढून टाकायचा आणि रडवणारं गाणं लावायचं, पार्टीला तेच आवडायचं. त्यामुळे पाठवणीचा खरा आवाज शिगवणांनी कधी ऐकला नव्हता. शूटिंग करताना डोक्यात रक्त चढलेलं असायचं आणि एक डोळा भिंगात. टेपा उतरवताना तर आवाज बंदच होता.

"बाबा," ऐश्वर्या म्हणाली, "आवाज वाढवा."

टीव्हीवर नवरी जीपच्या दाराशी आली. तिचा चेहरा वाकडा झाला आणि पडदा काळा पडला. आधी ऐकू आला तो शिगवणांचाच आवाज, तरुण, चिडलेला. "लाइट! कले, लाइट वर घे! अगं, काय करतेस!" शिगवणांनी मान खाली घातली. मग कापडाची सळसळ झाली आणि त्या काळोखातून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, दुसरा आवाज आला.

"रड गो बाय, रड. बघत नाय कोण. ते ओरडताव त्यांच्याकडं नको लक्ष देव. त्यांना आता काळोख दिसतोय नुसता." मग हुंदके. मग परत तोच आवाज, कुजबुजता, थोडा हसरा. "माझ्या येळेला मी पण अशीच रडलेले. पुढं सगळं बरं होतं गो. झालं? नाक पूस. हां. आता लावू दिवा?"

आणि उजेड आला. नवरी कुंदा, डोळे लाल पण चेहरा स्वच्छ पुसलेला, मान वर करून जीपमध्ये बसली.

ऐश्वर्याने तोंडावर हात ठेवला होता. कुंदा तिच्याकडे बघत राहिली, मग शिगवणांकडे, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे. "गेल्या का ताई?" तिने हळूच विचारलं. शिगवणांनी मान हलवली. "मना ठाव नवतं," ती म्हणाली. "मी लग्नाला बोलवायची व्हते तिला."

ऐश्वर्या उठली. तिने दुसरं एक लग्न लावलं, कोपरच्या कोणा पाटलांचं, आणि थेट शेवटाकडे नेलं. गाडी, नवरी, आणि पडदा काळा. शिगवणांचा आरडाओरडा. आणि आई. ह्या नवरीला ती म्हणत होती, "उलटी होतेय का? इथं कर माझ्या पाठीमागं, कोणाला दिसणार नाय." तिसऱ्या लग्नात ती काहीच बोलली नाही, नुसतं कोणाच्या तरी पाठीवर थोपटल्याचा आवाज होता, बराच वेळ. चौथ्यात पाठवणी उजेडातच झाली. ती नवरी हसत हसत गेली होती.

"काळं पडलेलं छाटू, मी म्हटलेलं," ऐश्वर्या म्हणाली. ती बापाच्या शेजारी येऊन बसली आणि लहानपणी रडायची तशी मोकळ्याने रडली. शिगवणांचेही डोळे वाहत होते. इतक्या लग्नांत आपण तिच्यावर ओरडलो, आणि तिने घरी येऊन कधी सांगितलं नाही, की अहो, मी मुद्दाम करते. सांगितलं असतं तर आपण करू दिलं असतं का? नसतं करू दिलं. पार्टी पैसे कापेल म्हणालो असतो. तिला ते माहीत होतं. खांद्याचं निमित्त पुढे करून तिने दरवेळी बोलणी खाल्ली आणि दरवेळी दिवा खाली केला.

कुंदाने आपण होऊन उठून सगळ्यांना पाणी आणून दिलं. अनोळखी स्वयंपाकघरात ग्लास कुठे असतील हे तिला कसं कळलं कोण जाणे.

संध्याकाळी शिगवणांनी नाथाला फोन केला.

"सुट्या लाव. मिरर नको. सगळं ठेवायचंय, एक सेकंद छाटायचा नाही."

"काका, विचार केलात ना? एक डिस्क गेली तर अर्धं जाईल. बॅकअप कुठाय?"

"पहिला आत्ताच गेला. खडवलीला."

नाथाला काही कळलं नाही. कुंदाच्या पर्समधल्या पेनड्राइव्हवर ऐश्वर्याने तिचं लग्न भरून दिलं होतं, मूळ आवाजासकट, काळोखासकट. दोनदा ठेवायचं तर दोन्ही वेळा आपल्याच घरात कशाला हवं, असं शिगवणांच्या डोक्यात आलं होतं. ज्यांची लग्नं त्यांनी न्यावीत. डबा बिघडला, घराला आग लागली, काही झालं तरी कलावती टिटवाळ्याला असेल, कोपरला असेल, कोणाच्या तरी कपाटात.

नाथाने लांबून सगळं लावून दिलं. नव्या डिस्क फिरायला लागल्या, इतक्या हळू आवाजात की ऋतुराजला कान लावून ऐकावं लागलं. जुन्या डिस्कवरून माल सरकायला आठवडा गेला. आता शिगवणांनी दुसरं काम काढलं. सकाळी आंघोळ करून ते फोन घेऊन बसत. बरेच नंबर लागत नसत. काही लागत, आणि माणसं ओळख पटायला वेळ घेत.

"आमच्याकडे आहे की कॅसेट," एकीने सांगितलं. "प्लेअरच नाही चालवायला, पण आहे."

"असू द्या," शिगवण म्हणाले. "त्यात पाठवणीचं थोडं कापलेलं मी. ते राहिलंय तुमचं माझ्याकडे. येऊन घेऊन जा."

"काय होतं त्यात?"

"दिसत काही नाही," शिगवण म्हणाले. "पण तुम्ही न्या."

माणसं येऊ लागली. कोणी पेनड्राइव्ह आणायचं, कोणी पोराचा लॅपटॉप. काही जणी परत एकदा लावायला सांगत, काही हसत, आणि एक दोघींनी तर चक्क भिंतीवरच्या फोटोला नमस्कार केला. ऐश्वर्या ऑफिसातून आली की आधी विचारायची, "आज कोण येऊन गेलं?"

असाच एक शुक्रवार. ऋतुराज त्या दिवशी लवकर घरी आला. हॉलचे पडदे ओढलेले होते आणि शिगवण सोफ्यावर पुढे झुकून बसले होते. समोरचा टीव्ही पूर्ण काळा होता. त्याला वाटलं, डब्यात काहीतरी बिघाड झाला आणि सासरे धसका घेऊन बसलेत. त्याने बूट न काढताच भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"बाबा, टीव्ही बंद पडला का?"

"नाही रे," शिगवण त्याच्याकडे न बघता म्हणाले. "चालू आहे. लाइट नको लावूस. ये, बस."

ऋतुराजने बटणावरचा हात काढला. बूट दाराशी काढले, आणि आवाज न करता तो त्यांच्या बाजूला येऊन बसला.